चूक नळीची की हाताची?

हौशी : सर, नवी एअर रायफल घेतली तेव्हा वाटलं होतं, खोकं उघडायचं, हवा भरायची आणि नेम धरायचा. तसं होत नाही. दहा मीटरवर एकाच भोकात जायला हवेत ते पाच छर्रे पाच ठिकाणी पडतात. डबी बदलली की तीच रायफल सुधारल्यासारखी वाटते. म्हणून ठरवलं, आधी हिला ओळखायचं. मागच्या बाजूला हॅमर स्प्रिंगचा ताण कमीजास्त करायचा स्क्रू आहे, आत दाब बांधून ठेवणारा रेग्युलेटर आहे. किती ताणाला किती वेग मिळतो आणि त्या वेगाला कुठल्या डबीतले छर्रे एका जागी पडतात, हे वहीत उतरवून काढायचं. यवतमाळात बसून हे विचारायचं कुणाला? नागपूर-पुण्याहून सामान येतं, त्याच्यासोबत ते कसं लावायचं हे सांगणारा माणूस येत नाही.

शंकेखोर : ताकद कशासाठी हवी, ते आधी सांग. आपल्या जिल्ह्यात एअर रायफलची चौकशी करणारे पुष्कळ जण स्पर्धेसाठी करत नाहीत. पांढरकवड्याकडे, टिपेश्वर अभयारण्याच्या आजूबाजूला, रानडुकरं आणि रोही रात्रीतून तूर-हरभरा लोळवतात. जागलीला जाणारा शेतकरी विचारतो, हिची ताकद वाढवली तर डुक्कर थांबेल का? अर्ध्या ग्रॅमचा छर्रा डुकराला थांबवत नाही. तो कातडीत रुततो, जखम चिघळते आणि बिथरलेलं जनावर पुढे भेटेल त्या माणसावर येतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही. जखमी करणं आणि तसा प्रयत्न करणंही त्यातच मोडतं. दुसरा कायदा तुझ्या स्क्रूला लागू होतो. परवान्याशिवाय ठेवायची एअर रायफल ४.५ मिलिमीटरची आणि २० ज्यूलच्या आतली असावी लागते, असं २०१६ चे शस्त्र नियम सांगतात. तू जाड स्प्रिंग बसवून ती रेषा ओलांडलीस, तर घरातलं खेळाचं साहित्य विनापरवाना शस्त्र होतं, आणि तुला त्याचा पत्ताही लागत नाही.

हौशी : लागेल, कारण मी प्रत्येक बार क्रोनोग्राफवरून काढतो. छर्‍याचं वजन ठाऊक आहे, वेग मोजला, की ऊर्जा निघाली : निम्मं वजन गुणिले वेगाचा वर्ग. ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे २७५ मीटरला २० ज्यूलवर पोचतो, ०.६७ ग्रॅमचा जड छर्रा २४४ मीटरलाच. जाहिरातीत सेकंदाला हजार फूट छापतात, तो आकडा बहुधा अगदी हलक्या छर्‍याचा असतो. पण मला त्या रेषेजवळही जायचं नाही. ऑलिंपिकमधल्या दहा मीटरच्या रायफली साडेसात-आठ ज्यूलवर चालतात, त्यांचा छर्रा सेकंदाला १७०-१७५ मीटरने निघतो. जगातल्या सर्वांत अचूक एअर रायफली इतक्या सौम्य ठेवल्या आहेत त्याला कारण आहे. छर्‍याची कंबर बारीक, मागचा घेर पोकळ आणि पातळ. फार जोराने ढकलला तर मऊ शिशाचा तो घेर वाकडातिकडा फाकतो. वेग ध्वनीच्या, म्हणजे साधारण ३४० मीटरच्या जवळ गेला, की हवेचे धक्के त्याला डुलवायला लागतात. तेव्हा मी ताकद उतरवत नेतोय. बारामागून बार वेग सारखा राहील, तिथे थांबायचं.

शंकेखोर : हे ऐकून बरं वाटलं. पण वेग सारखा राहिला की नेम सुधारतो, हे तू धरून चालला आहेस. दहा मीटरवर त्याचा फरक पडतो तरी किती?

हौशी : तो हिशेब मांडूनच सुरुवात केली. सेकंदाला १७२ मीटरचा छर्रा दहा मीटर जायला जवळपास ५८ सहस्रांश सेकंद घेतो, आणि तेवढ्या वेळात जमिनीच्या ओढीने साडेसोळा मिलिमीटर खाली येतो. साइट त्या घसरणीसाठी आधीच लावलेली असते, म्हणून ती दिसत नाही. आता एखादा बार सेकंदाला पाच मीटरने मंद निघाला, तर तो आणखी एक मिलिमीटर खाली पडतो. एक मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण दहा मीटर रायफलच्या कार्डावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि दोन वलयांमधलं अंतर अडीच मिलिमीटर. दशांश गुणांत मोजलं तर तो एक मिलिमीटर म्हणजे ०.४ गुण. साठ बारांच्या फेरीत असे थोडे बार निघाले, तरी क्रमवारीत मागे पडायला तेवढं पुरतं. पंचवीस मीटरवर हाच फरक सहा-सात मिलिमीटरचा होतो. नेमबाज कितीही स्थिर राहिला तरी ही चूक त्याला हाताने दुरुस्त करता येत नाही, कारण छर्रा नळीतून सुटेपर्यंत ती कुठे दिसतच नाही.

शंकेखोर : हिशेब बरोबर आहे. आता माझी खरी शंका ऐक. तू आठ प्रकारच्या डब्या आणल्यास. प्रत्येकीतले पाच-पाच छर्रे मारलेस, कार्डावरच्या सर्वांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर मोजलंस, आणि जिचं अंतर सर्वांत कमी ती डबी चांगली ठरवलीस. आता समज, आठही डब्यांत एकच छर्रा भरलेला आहे, फक्त वरची लेबलं वेगळी आहेत. तरी आठ ग्रुपिंग सारखी येतील का? येणार नाहीत. एकाच डबीतून, एकाच हाताने पाच-पाच छर्‍यांची आठ-दहा ग्रुपिंग काढली, तर सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी यांच्यात दुपटीचा फरक सहज पडतो. त्यात छर्‍याचा गुण काही नाही, तो योगायोग आहे. म्हणजे तुझ्या चाचणीत एक डबी जिंकणारच होती. तू तिच्यावर पैसे घालतोस, पुढच्या आठवड्यात ती ‘बिघडली’ असं वाटतं, मग तू स्क्रू फिरवतोस. पुन्हा पाच मारतोस, योगायोगाने चांगले पडतात, म्हणजे स्क्रू लागू पडला. असं वर्षभर चालू शकतं. मेहनत होते, वही भरते, आणि रायफलीबद्दल कणभरही नवीन कळलेलं नसतं. याच्या जोडीला नळीची गोष्ट आहे. आधीच्या छर्‍याचं शिसं आणि तेल नळीत थर धरून बसतं. नवी डबी उघडल्यावर सुरुवातीचे दहा-वीस बार त्या जुन्या थरावरून जातात. पाच मारून निकाल देणारा दुसर्‍या डबीची परीक्षा पहिल्या डबीच्या अवशेषांवर घेत असतो. आणि नवीन रायफल असेल तर कारखान्यातलं तेलही अजून नळीत असतं, ते पुसल्याशिवाय कुठलाच निकाल खरा नाही.

हौशी : पाच बारांवर निकाल देऊ नये, हे मान्य. पण म्हणून निकालच लागत नाही, असं होत नाही. चाचणी मोठी करावी लागते, एवढंच. लांबच्या दोन भोकांमधलं अंतर मोजणं मी सोडून देतो, कारण त्यात दोन छर्रे बोलतात आणि बाकीचे गप्प बसतात. सगळ्या भोकांचा मध्य काढायचा, प्रत्येक भोक मध्यापासून किती दूर आहे ते मोजायचं आणि सरासरी घ्यायची, म्हणजे प्रत्येक छर्‍याची साक्ष उपयोगी पडते. आठ डब्याही नकोत. सपाट डोक्याचा छर्रा कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतो आणि दहा मीटरला तोच चालतो. गोल डोक्याचा लांब टप्प्याला बरा. तेव्हा दहा मीटरसाठी सपाट डोक्याचेच दोन-तीन प्रकार घ्यायचे. त्यातही डोक्याचा व्यास ४.४८ पासून ४.५२ मिलिमीटरपर्यंत वेगवेगळा मिळतो, आणि प्रत्येक नळीला त्यातला एखादाच नीट बसतो. हा फरक योगायोगाचा नाही. छर्रा सैल असेल तर मागून हवा निसटते आणि वेग हलतो, फार घट्ट असेल तर नळीच्या आतल्या पेचांत शिरताना त्याचा आकार बिघडतो. नळी थर धरेपर्यंतचे बार मोजायचे नाहीत. नंतर एकेका डबीचे तीस-तीस बार, आणि तेही रायफल व्हाइसमध्ये घट्ट धरून. मग हाताचा प्रश्नच उरत नाही.

शंकेखोर : उरतो. व्हाइसमध्ये धरलेली रायफल आणि खांद्याला लावलेली रायफल एकसारखी वागत नाही. तुझी दाबलेल्या हवेची आहे, तिच्यात झटका कमी, म्हणून तुझ्यापुरतं ते बर्‍यापैकी चालेल. पण आपल्या शाळांतून पोरं ज्या रायफलींवर शिकतात त्या नळी मोडून भरायच्या, स्प्रिंगवाल्या. घोडा दाबला की आतला दट्ट्या पुढे धावतो, रायफल मागे रेटली जाते. दट्ट्या टोकाला जाऊन थांबतो तेव्हा ती पुढे उसळते. छर्रा अजून नळीतच असतो. या दोन झटक्यांत ती तळहातावर किती सैल ठेवली, खांद्याला किती दाबली, गाल किती टेकला, यावर छर्रा कुठे सुटणार ते ठरतं. तिला लोखंडात आवळलं तर ती लोखंडातला निकाल देते, हातातला देत नाही. राज्यात ओपन साइट एअर रायफलचीही स्पर्धा होते, पुष्कळ मुलं तिथूनच वर येतात, आणि तिथे ही अडचण रोजची आहे. तुझी चाचणी ज्यांच्याकडे महाग रायफल आहे त्यांनाच लागू पडते.

आणि दुसरं, उन्हाचं. जानेवारीच्या सकाळी १५ अंशांत तू सिलिंडर २०० बार दाबाला भरलास. तोच सिलिंडर मे महिन्यात ४५ अंशांच्या खोलीत ठेवला तर आतला दाब २२० बारवर जातो, हवा एक घोटही जास्त न भरता. रेग्युलेटर बराचसा फरक सावरतो, पण त्याची वॉशरं, ग्रीस, स्प्रिंगचा ताण, सगळं तापतं. बाहेरची हवाही विरळ होते. वणी-यवतमाळच्या उन्हाळ्यात भरलेला सिलिंडर गाडीत किंवा पत्र्याखाली ठेवणं तर सरळ धोक्याचं आहे, ते वेगळं सांगतो. पण नेमापुरतं बोलायचं तर तू ज्या स्क्रूवर तीस-तीस बार खर्च केलेस, तो जानेवारीचा स्क्रू आहे.

हौशी : मग मे महिन्यात पुन्हा मोजायचं. वही त्यासाठीच असते. त्या-त्या पानावर तापमान लिहिलं की जानेवारीचं उत्तर खोटं ठरत नाही, ते जानेवारीचं म्हणून खरं राहतं. सर, तुमची प्रत्येक शंका मला जास्त काळजी घ्यायला सांगते, मोजणं थांबवायला सांगत नाही. मला ज्याची चिंता वाटते ते वेगळंच आहे, आणि ते तुम्हीच रोज बघता. शाळेच्या हॉलमध्ये एकच रायफल आहे, ती आठ-दहा मुलींमध्ये फिरते. छर्रे जी डबी स्वस्त मिळेल ती. त्या डबीतला एखादा छर्रा कडेला चेपलेला असतो, एखाद्याचं डोकं लहान असतं. मुलगी श्वास धरते, साइटमध्ये काळं वर्तुळ अगदी मधोमध येतं, घोडा अलगद सुटतो, आणि कार्डावर सात दिसतो. ती काय समजते? आपण घोडा ओढला. पुढच्या बाराला ती बोट सावरायला जाते. योगायोगाने दहा पडला, तर तिला वाटतं बोटाचा उपाय लागू पडला. महिनाभराने तिच्या खांद्यात, मानेत, बोटात अशा कितीतरी दुरुस्त्या घर करून बसतात, ज्या कधीच न झालेल्या चुकांसाठी केलेल्या असतात. मग नंतर चांगली रायफल हातात आली तरी त्या निघत नाहीत. खराब छर्रा गुण घालवतो, ते भरून काढता येईल. तो खोटं शिकवतो, ते कसं भरून काढणार?

सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई नेमबाजी स्पर्धेत ४०० पैकी ४०० गुण घेतले. चाळीस बार, चाळीस दहा. त्यामागे त्यांची किती वर्षांची साधना आहे, ते मला कुणी सांगायला नको. पण ज्या डबीत चाळिसातला एक छर्रा वाकडा जातो, त्या डबीने ते ४०० होणारच नव्हते. गणेश वासुदेव मावळंकरांनी १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना उभी केली, आज त्यांच्याच नावाच्या स्पर्धेतून मुलं राष्ट्रीय पातळीवर जातात. तिथे आपल्या मुलीशेजारी जिची रायफल आणि छर्रे जुळवून घेतलेले आहेत ती मुलगी उभी असते. दोघींचे हात सारखे असले तरी एकीला आपला हात कसा आहे ते ठाऊक आहे, दुसरीला ठाऊक नाही.

शंकेखोर : हे तू खरं बोललास, आणि ते मला टोचलं. खोटं शिकवणारा छर्रा, हे मी अनेकदा पाहिलं आहे. पण उलटंही पाहिलं आहे. एकदा मुलाच्या कानावर पडलं की छर्‍यांमध्ये फरक असतो, की त्याच्या प्रत्येक आठाला कारण सापडतं. डबी खराब, रेग्युलेटर बसला नाही, नळी धुवायला झाली. हाताची चूक बघायला फार धीर लागतो. सामानावर बोट ठेवायची मुभा मिळाली की तो धीर कुणी कमवत नाही. तुझी मुलगी न झालेल्या चुका दुरुस्त करते, माझा मुलगा झालेली चूक दुरुस्तच करत नाही. नुकसान दोघांचंही होतं, आणि दुसर्‍याचं नुकसान वर्षानुवर्षं झाकून राहतं.

बीजिंगची ११ ऑगस्ट २००८ ची अंतिम फेरी आठव. शेवटच्या बाराआधी अभिनव बिंद्रा आणि फिनलंडचा हेन्री हॅकिनेन बरोबरीत होते. दोघांकडेही जगातलं उत्तम सामान, दोघांचेही छर्रे निवडलेले. शेवटच्या बाराला बिंद्राचे १०.८, हॅकिनेनचे ९.७. एवढा फरक डबीतून आला असं कुणीच म्हणणार नाही. सामान एका पातळीला आलं की पुढे सगळं माणसावर येतं.

हौशी : त्याच फेरीच्या आधीचं आठवा ना, सर. चाचणीच्या बारांना बिंद्राचा छर्रा कुठल्या कुठे गेला होता. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत, तोंडावर वेळ आलेली. कुणीही घाबरून स्वतःच्या हातावर संशय घेतला असता. त्याने साइट फिरवली. आपण बार नीट सोडला आहे, चूक रायफलीत आहे, हे त्याला तिथल्या तिथे कळलं, कारण त्याने वर्षानुवर्षं आपलं सामान पारखलेलं होतं. ती पारख नसती तर तो शेवटचा १०.८ यायची वेळच आली नसती.

शंकेखोर : त्याला ते कळलं ते हात पारखलेला होता म्हणून. हजारो बार सोडून, आपला नीट सुटलेला बार कुठे जातो हे ज्याच्या अंगात मुरलं आहे, तोच म्हणू शकतो की हा माझा नव्हे, रायफलीचा. तुझ्या-माझ्यासारख्याने त्या क्षणी साइट फिरवली असती, तर निम्म्या वेळा चांगली रायफल बिघडवली असती.

हौशी : मग हे फिरून तिथेच येतं. हात ओळखायला ओळखीची रायफल हवी, आणि रायफल ओळखायला ओळखीचा हात हवा. सुरुवात कुठून करायची?

शंकेखोर : तोच खरा प्रश्न आहे, आणि तो स्क्रूने सुटत नाही. मी तुला एक अट घालतो, निदान फसवणूक तरी कमी होईल. कुठल्या डबीतला छर्रा मारतो आहेस हे मारणार्‍याला कळू द्यायचं नाही. दुसर्‍याने लेबल नसलेल्या वाटीतून एकेक काढून द्यायचा, क्रम त्याच्या वहीत. ही डबी दहा, ती डबी दहा, पुन्हा ती दहा, मग ही दहा, असा क्रम फिरवायचा, म्हणजे थकवा, ऊन, उतरत जाणारा दाब दोन्हींच्या वाट्याला सारखा येईल. सगळे बार झाल्यावरच वही उघडायची. महागड्या परदेशी डबीवर मनाने आधीच ठेवलेला विश्वास त्यात गळून पडतो. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, स्क्रू किंवा छर्रा. दोन्ही बदलले तर कशामुळे काय झालं, ते देवालाही सांगता येणार नाही.

हौशी : हे मी करीन. पण यातही एक भोक आहे. छर्रा नळीत दाबताना अंगठ्याला कळतं, हा घट्ट बसला, हा सैल. लेबल झाकलं तरी बोटाला ओळख पटते. आणि ती ओळख पुसावी असं मला वाटतही नाही, कारण चांगल्या नेमबाजाचा अर्धा आत्मविश्वास त्या अंगठ्यात असतो.

शंकेखोर : मग छर्रा भरणाराही दुसराच ठेव. पण तुझा मुद्दा राहतोच. चाचणीतून माणूस काढून टाकला की मिळालेलं उत्तर माणसाच्या किती कामाचं, याची मला खात्री नाही. आणि त्याहून साधी अडचण सांगतो. डबीत ५०० छर्रे. तू दोनशे चाचणीत घातलेस, तर उरले तीनशे. चाचणीचं उत्तर त्याच घाण्यातल्या छर्‍यांना लागू, पुढची डबी दुसर्‍या लॉटची आली की व्यास-वजन बदललेलं असू शकतं, मग पुन्हा दोनशे. मोठे नेमबाज पसंत पडलेल्या एकाच लॉटचा साठा करून ठेवतात, म्हणून त्यांची चाचणी वसूल होते. आपल्या हॉलमधल्या मुलींना महिन्याला एखादी डबी मिळते. ते दोनशे बार मी तिच्या हातून काढून घेऊ का?

हौशी : काढून घेऊ नका, पण तिला त्यातले काही मारायला लावा आणि वही तिच्याचकडे द्या. व्हाइसमध्ये आधी नळी काय करते ते तिने बघावं, मग स्वतः खांद्याला लावून बघावं. दोन्ही कार्डं शेजारी ठेवली की मधला फरक तिचा. निदान आपला वाटा किती, एवढं तिला कळेल.

शंकेखोर : तूच व्हाइसचा भरवसा स्प्रिंगच्या रायफलीला लावतो आहेस, आणि तिच्याकडे तीच आहे.

हौशी : मग पहिली चाचणी माझ्या रायफलीवर होऊ द्या. डब्या तिच्या हॉलमधल्याच, वाटी तुमच्या हातात. निदान डबीत वाईट छर्रे किती निघतात ते कळेल, आणि ते कळायला स्प्रिंग आड येत नाही.

शंकेखोर : ते कळेल. वाईट छर्रे वेगळे काढून चांगले तिला दिले, तर त्यानंतर पडलेला प्रत्येक सात तिचाच, असं मी तिला सांगायचं का? तिच्या रायफलीच्या दोन झटक्यांचं काय करू? त्यातला किती भाग रायफलीचा आणि किती तिचा, हे वेगळं काढायची रीत तुझ्या वहीत नाही आणि माझ्या अनुभवातही नाही. तू आपली रायफल घेऊन ये, वाटी मी धरतो. पण त्या दिवशी तीही तिथे असेल, आणि तिचं कार्ड आपण दोघांनी वेगवेगळं वाचायचं, एकमेकांना न विचारता.